दुसरं गाऱ्हाणं

त्या वर्षी लालबागला दोन गोष्टींची वाट बघणं चालू होतं. एक, मुंबई कुणाची होणार. ती वाट अख्खं गिरणगाव बघत होतं. भिंतींवर डांबराने लिहिलेलं होतं, संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या मैदानावर सभा असायची, आणि आमच्या चाळीतली बारकी पोरं लगोरी फुटली तरी ‘झालाच पाहिजे’ म्हणून ओरडायची. दुसरी वाट माझ्या शिष्यवृत्तीच्या निकालाची. ती आमच्या घरातले चौघे बघत होते, आणि गावकीच्या खोलीतले बाप्ये.

मॅट्रिकचा निकाल लागून गेला होता. पहिला वर्ग होता, पण तेवढ्याने कॉलेज होणार नव्हतं. गिरगावातली एक धर्मादाय संस्था कामगारांच्या मुलांसाठी वेगळी परीक्षा घ्यायची. तिच्यात पात्र ठरला तर पदवीपर्यंतची फी संस्था भरणार. ती परीक्षा मी दिली होती आणि निकाल आज लागेल, उद्या लागेल असं चाललं होतं. मध्येच एक हरताळ झाला, संस्थेचं कार्यालय बंद राहिलं, निकाल आणखी पुढे गेला. कॉलेजात अर्ज घ्यायची मुदत मात्र कुणी पुढे ढकलली नव्हती.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. त्यांच्या जॉबरने, म्हणजे खात्यातल्या मुकादमाने, शब्द दिला होता की पोराला पाठव, बदलीत घेतो. कुणी गैरहजर राहिला की त्याच्या साच्यावर उभं राहायचं, आणि असं उभं राहता राहता केव्हातरी कायम व्हायचं, ही बदलीची पद्धत. वडील असेच लागले होते. ते मला एवढंच म्हणाले की मुदतीच्या आत निकाल आला आणि त्यात तू असलास तर कॉलेज, नाहीतर साचा. आवाज चढवला नाही, समजूतही घातली नाही. जॉबरचा शब्द फार दिवस टिकत नसतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि मलाही.

मला साच्यावर जायचं नव्हतं. हे तेव्हा मी कुणापाशी बोललो नाही, कारण ज्यावर आम्ही जेवत होतो त्याला नको म्हणायला तोंड लागतं. पण रात्रपाळी करून आलेल्या वडलांच्या केसांत, भुवयांत कापसाचा भुरा बसलेला असायचा, आणि तो बघितला की माझा जीव घुसमटायचा.

शाळेतून परीक्षेला आम्ही दोघंच बसलो होतो. मी आणि माझा दोस्त. तो डिलाईल रोडच्या चाळीत राहायचा. चार वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. गणित त्याचं चांगलं, भाषा माझी. आदल्या दसऱ्याला त्याच्या वडलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि घरातले सगळे देव उतरवून ठेवले होते. वर्गात कुणी खवचटपणे विचारलं की आता तुम्ही पाया कुणाच्या पडता रे, तर तो म्हणायचा, “मास्तरांच्या. छडी त्यांच्याच हातात असते.” असा होता. शब्द खाली पडू द्यायचा नाही.

त्याचे वडीलही गिरणीतच होते, पण रिंगखात्यात, सूत कातायच्या कामावर. साचेखात्यात धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, म्हणून त्यांच्या लोकांना साच्यावर घेतच नसत. पगार साच्यावर बरा. म्हणजे ज्या साच्याच्या भीतीने माझी झोप उडाली होती, तिथे त्याला कुणी उभंसुद्धा केलं नसतं. मला हे माहीत होतं. माहीत नव्हतं असं आज म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या हेडमास्तरांनी परीक्षेला पाठवताना सांगितलं होतं की आजवर आपल्या शाळेला दर वर्षी एक शिष्यवृत्ती मिळत आलेली आहे. ती परंपरा राखा. ते कौतुकाने म्हणाले. आम्ही दोघांनी मात्र आपापल्या मनात ते वाक्य नियमासारखं बसवून घेतलं. शाळेला एक. दोघांतून एक. गंमत म्हणजे त्याबद्दल आम्ही एकमेकांशी अवाक्षर काढलं नाही. पेपर देऊन ट्रामने परत येताना भूमितीपासून कालच्या सभेपर्यंत सगळं बोललो, आणि तेवढं सोडून.

निकाल लांबला तशी आईने गावकीच्या खोलीत गाऱ्हाणं घालायला सांगितलं. आमच्या गावच्या लोकांची लालबागला एक खोली होती. बायकामुलं कोकणात ठेवून आलेले बाप्ये तिथे पाळीपाळीने झोपायचे, आणि कोपऱ्यातल्या फळीवर ग्रामदेवतेची तसबीर असायची. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने केलेली मागणी. म्हणणारा एक असतो, बाकीच्यांनी दर मागणीला ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. आमच्यात तो मान गावकारांच्या घराण्याचा. खोलीतल्या गावकारांना सगळे आबा म्हणत. तेही साच्यावरच होते. खर्जातला आवाज, आणि देवाशी बोलायची ढब अशी की जॉबरशी रजेबद्दल बोलतायत.

रविवारी सकाळी गाऱ्हाणं झालं. मी पुढे उभा, वडील माझ्यामागे.

“बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान मोठी परीक्षा दिलेली आसा.”

“होय म्हाराजा!”

“तेका यश दी, तेची स्कालरशिप तेच्या पदरात घाल.”

“होय म्हाराजा!”

“मुंबय आमका गावांदे, दिल्लीकारांक बुद्धी दी.”

मुंबई मिळू दे, याला जरा जास्तच मोठा होय म्हाराजा झाला. शेजारच्या खोलीतूनही दोघांनी ओ दिली.

“आणि ह्येच्या वाटेत जो कोण आडो येत, तेका थयच बसव रे म्हाराजा!”

हे शेवटचं दर गाऱ्हाण्यात असतं. लग्नासाठी असो, नोकरीसाठी असो, गावच्या जमिनीच्या तंट्यासाठी असो, वाटेत आडवा येईल त्याला बसवायला सांगतातच. लहानपणापासून मी ते ऐकत आलो होतो आणि त्यात कधी कुणाचा चेहरा दिसला नव्हता. त्या दिवशी दिसला. आणि तो दिसत असताना मी होय म्हाराजा म्हटलं. ओठातल्या ओठात नाही. चांगलं मोठ्याने.

त्याच आठवड्यात दोस्त तापाने पडला.

मला ते भाजी आणायला गेलो असताना शाळेच्या शिपायाकडून कळलं. मुदतीचा ताप आहे म्हणाले, वीस-एकवीस दिवस घेणार. मुदतीचा ताप म्हणजे टायफॉइड. आमच्या चाळीत दोन वर्षांपूर्वी त्याने एक पोर गेलेलं होतं. मी भाजीची पिशवी घेऊन तसाच फूटपाथवर उभा राहिलो. थयच बसव रे म्हाराजा. देवाने त्याला बसवला होता, नव्हे, आडवाच केला होता.

आज पन्नाशीला आलेला माणूस म्हणून याला हसता येतं. सोळा वर्षांच्या मुलाला हसता येत नव्हतं. मी विज्ञान शिकलो होतो, जंतू कसे पसरतात ते परीक्षेत लिहिलं होतं, आणि तरी मला खात्री होती की हे मी केलेलं आहे. त्याहून वाईट सांगतो. पहिल्या दिवशी त्या खात्रीत एक बारीकशी आशाही होती. गाऱ्हाण्याचा हा भाग पोचला, तर पहिला भागही पोचला असणार. हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आशा गेली आणि नुसती भीती उरली. मी डिलाईल रोडला त्याच्या घरी गेलो. चार वर्षांत पहिल्यांदा. तो आमच्याकडे गॅलरीपर्यंत यायचा, माझी आई तिथेच त्याला पाणी द्यायची, तो प्यायचा आणि पेला स्वतःच विसळून ठेवायचा. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं, आणि राहू दे असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्याच्या आईने मला ओळखलं. म्हणाली, लई बडबडतो तापात, गणितं सोडवतो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. गळ्याची हाडं वर आलेली. मी हाक मारली तर त्याने डोळे उघडले आणि विचारलं, “लागला?”

नाही म्हटलं. त्याने डोळे मिटले.

तिथून मी सरळ आबांकडे गेलो. त्यांची पहिली पाळी सुटली होती, खोलीबाहेरच्या बाकड्यावर सुपारी कातरत बसले होते. बरोबर कुणी नव्हतं. गाऱ्हाणं मागे घेता येतं का असं मी विचारलं. ते म्हणाले, “कित्या? पास होवचा नाय तुका?”

मग मी सांगून टाकलं. वाटेत आडवा येणारा कोण, तो कुठे राहतो, होय म्हणताना माझ्या मनात काय होतं, आणि आता तो कसा पडलेला आहे. सांगताना मी त्यांच्या अडकित्त्याकडे बघत होतो. अडकित्ता थांबला.

मला वाटलं होतं, ते हसतील. पण ते हसले नाहीत, चांगलेच घाबरले. “अरे, ता सगळ्याच गाऱ्हाण्यात म्हणतत रे,” असं दोनदा म्हणाले, मला समजावल्यासारखं आणि स्वतःलाही. “माका तेचा नावपण म्हायत नाय.” मग ताप किती आहे, डॉक्टर कोण, पोटात काही राहतं का, असं विचारत राहिले. शेवटी उठले आणि म्हणाले की गाऱ्हाणं मागे घेता येत नाही, पण दुसरं घालता येतं.

दुसरं घालायचं तर नारळ हवा आणि खोलीतले लोक हवेत. संध्याकाळपर्यंत पाच-सहा जण जमले. आबांनी त्यांना माझी गोष्ट सांगितली नाही. पोराच्या वर्गातला झील तापाने पडलाय, तेच्यासाठी घालूया, एवढंच सांगितलं. कुठला म्हणून एकाने विचारलं. डिलाईल रोडचा म्हटल्यावर तो कुणातला ते सगळ्यांना उमगलं.

मग वाद सुरू झाला. एकाचं म्हणणं, ते लोक आता आपले देव मानत नाहीत, त्यांच्या नावाने गाऱ्हाणं चालणार कसं? देव ऐकेल, पण त्यांनाच आवडायचं नाही. दुसरा म्हणाला, त्यांना विचारून या. तिसरा म्हणाला, विचारलं तर ते नकोच म्हणणार, आणि मग पोराचं काय? आबा मध्ये नारळ मांडीवर घेऊन बसले होते. तेवढ्यात कोपऱ्यात भाकरी खात बसलेला एक जण, जो एरवी खोलीत कुणाशी बोलायचा नाही, तो घास न थांबवता म्हणाला, “मुंबय गावांदे म्हणान घातलास, तेव्हा मुंबयेक इचारलास?”

सगळे हसले. आबा उठले आणि त्यांनी नारळ ठेवला.

ते दुसरं गाऱ्हाणं मला शब्दन् शब्द आठवतं, कारण ते फार छोटं होतं. बा देवा म्हाराजा, डिलाईल रोडाक एक झील तापान पडलो हा. तो तुका मानणा नाय, तरी तू तेका मानून घे. तेचो ताप उतरव. वाटेत आडव्या येणाऱ्याचं नाव आबांनी काढलंच नाही. माझा होय म्हाराजा फुटका निघाला. कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी सकाळी गिरगावात संस्थेच्या दारावर आणि संध्याकाळी डिलाईल रोडला, असे काढले. दोन्हीकडे एकेकच प्रश्न, लागला का आणि उतरला का. वडील काही विचारायचे नाहीत. जॉबरने एकदा आठवण केली, तेव्हा त्यांनी पोराला जरा बरं नाही म्हणून सांगितलं, असं मला फार पुढे आईकडून कळलं. माझ्यासाठी ते जॉबरशी खोटं बोलले.

दोस्ताचा ताप आधी उतरायला लागला. एका संध्याकाळी गेलो तर तो उशीला टेकून बसला होता आणि त्याची आई त्याला मोसंबं सोलून देत होती. मला बघून म्हणाला, “काय रे, रोज येतोस. माझ्या वह्या पाहिजेत काय?” मी घरी चालत आलो. ट्रामला पैसे होते, पण चालत आलो.

मग निकाल. अर्जांची मुदत शनिवारी संपायची होती आणि शुक्रवारी सकाळी संस्थेच्या फळ्यावर पात्र मुलांचे परीक्षा-क्रमांक लागले. गुणांच्या क्रमाने. फळ्यापुढे ही गर्दी. माझ्या समोर एक उंच गृहस्थ उभे होते, टोपी घातलेले, त्यांच्या खांद्यावरून मला यादीचा खालचा भाग दिसत होता. त्यात माझा क्रमांक दिसला. मी पुन्हा वाचला, ओठ हलवून वाचला. छातीतून काहीतरी मोठं खाली उतरलं. साचा गेला. केसांतला भुरा गेला.

मग मी त्याचा क्रमांक शोधला. फॉर्म आम्ही एकत्र भरले होते, त्यामुळे त्याचा माझ्या पुढचाच. माझ्यापासून खाली शेवटापर्यंत बघितलं. नव्हता.

इथे मला नीट लिहिलं पाहिजे. मला वाईट वाटलं. पण ते दुसरं. पहिलं जे वाटलं ते असं, की बरं, म्हणजे शाळेला एकच होती आणि ती मला मिळाली. ताप तर त्याचा उतरलेलाच आहे. हिशोब मिटला. एखादा श्वास आत जाऊन बाहेर येईपर्यंतच हे टिकलं असेल. रोज त्याच्या उशाशी बसणारा मी, दुसऱ्या गाऱ्हाण्यात आवाज फुटलेला मी, मीच तो होतो.

समोरच्या गृहस्थांना त्यांचा क्रमांक सापडला असावा किंवा नसावा, ते बाजूला झाले. यादीचा वरचा भाग मोकळा झाला. वरून तिसरा त्याचा होता.

मला पहिल्या वेळेपेक्षा जास्त हलकं वाटलं हे मी शपथेवर सांगतो, पण त्या आधीच्या श्वासामुळे शपथेची किंमत किती, ते वाचणाऱ्याने ठरवावं. मी तिथून पळत सुटलो. घरी नाही, आधी डिलाईल रोडला.

तो दारातच बसला होता, अंगावर गोधडी. मला धावत येताना बघून त्याने ओळखलं. पण विचारलं ते असं, “तुझं?”

“झालं.”

“मग माझं नाही.”

“तिसरा आहेस. मी पार खाली.”

त्याने गोधडी बाजूला सारली. मग हळूहळू हसायला लागला आणि हसता हसता त्याला ठसका लागला. त्याची आई पाणी घेऊन आली. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, “एक सांगू? रागावू नको. मी रोज मनात म्हणायचो, एकच द्यायची असेल तर मला द्या. याला काय, साचा तरी आहे.”

त्याची आई त्याच्यावर खेकसली, की पोरगं उन्हातनं धावत आलंय आणि तू हे काय बोलतोस. तो म्हणाला, “खरं तेच बोललो. मनात ठेवून पुन्हा ताप यायचा.”

माझंही सांगून टाकायची तीच वेळ होती. त्याने दार सताड उघडून दिलं होतं आणि मी नुसतं आत जायचं होतं. मी म्हटलं, “असू दे रे.” जणू काही मीच त्याला माफ करतोय. त्याच्या आईने पेज वाढू का विचारलं आणि लगेच थांबून, “चालेल ना तुला?” असंही विचारलं. चालेल म्हटलं. पेज ऊन होती. सोबत सुकटाची चटणी होती. मी दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी वडलांना सांगितलं. ते हातपाय धूत होते. पाय पुसून झाल्यावर म्हणाले, “उद्या जॉबरला सांगतो, दुसरा बघ.” आणि गॅलरीत जाऊन बराच वेळ कठड्याला टेकून उभे राहिले. आई म्हणाली, जाऊ नको, राहू दे त्यांना एकटं.

दोस्त आता अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत राहतो. माझ्याहून मोठ्या हुद्द्यावर पोचला आणि माझ्याहून आधी टक्कल पडलं, असं तोच सांगतो. हे छापून आलं तर तो वाचेल. काय म्हणेल तेही मला साधारण माहीत आहे. तुझ्या देवाला डिलाईल रोडचा पत्ता कुणी दिला, म्हणेल. तो हसेल आणि विषय संपेल, म्हणूनच कदाचित इतकी वर्षं सांगितलं नाही. इतक्या सहज संपावं असं मला वाटत नव्हतं. आता वाटतं.

शनिवारी त्याला जिना उतरवत नव्हता, म्हणून दोघांचे अर्ज मीच घेऊन गेलो. कॉलेजच्या खिडकीवरच्या कारकुनाने माझा अर्ज घेतला, मग त्याचा उलटून बघितला आणि सहीवर बोट ठेवलं. सही ओळीवरून खाली घसरत गेली होती.

“ही कुणी केली? अशी का?”

“त्यानेच केली,” मी म्हटलं. “आजारी होता. आता बरा आहे.”

कारकुनाने माझ्याकडे बघितलं, दोन्ही अर्ज एकावर एक ठेवले आणि शिक्का मारला.